समानतेचा कायदा विधिमंडळात मागताना

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच वाटा देणारी दुरुस्ती देशभर लागू झाली ती 9 सप्टेंबर 2005 रोजी. महाराष्ट्रात मात्र असा कायदा 22 जून 1994 पासूनच होता. आंध्र प्रदेशानं तो 1985 पासून लागू केला होता, तमिळनाडूनं 1989 मध्ये आणि कर्नाटकनं आपल्याच वर्षी, 1994 मध्ये. केरळनं 1975 मध्ये कायदा करून हिंदू एकत्र कुटुंबाची कायदेशीर चौकटच मोडीत काढली. म्हणजे दिल्लीत 2005 साली जे घडलं, त्याची तालीम राज्यांच्या विधानसभांत वीस वर्षं चालू होती.

हे एकदाच घडलं असं नाही. गिरणी-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि त्या काळात भत्ता देणारा कायदा मुंबई प्रांताच्या कायदेमंडळानं 1929 मध्ये केला. त्या विधेयकाच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1928 साली सभागृहात बोलले होते. सगळ्या देशासाठी प्रसूती लाभ कायदा यायला 1961 उजाडलं. पहिली बायको असताना दुसरी करायला मुंबई प्रांतानं हिंदूंपुरती 1946 मध्ये बंदी घातली, देशानं 1955 मध्ये. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं 1977 मध्ये केला. केंद्राला तो सुचायला 2005 लागलं. गर्भलिंग तपासणीवर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदाही आपलाच, 1988 चा. केंद्राचा आला 1994 मध्ये.

इतकं असूनही स्त्रियांच्या हक्कांचा विषय निघाला की आपल्या माना दिल्लीकडे वळतात, नाहीतर सर्वोच्च न्यायालयाकडे. राज्याचं विधिमंडळ आठवतं ते एखादा भयंकर गुन्हा घडल्यावर, आणि तेव्हा मागणी ठरलेली असते: फाशी द्या. माझा आक्षेप इथे आहे. राज्याकडे पोलीस आहेत, जमीन महसूल आहे, सरकारी दवाखाने आहेत, सरकारी वकील नेमायचा अधिकार आहे. बाईच्या आयुष्यात कायदा पोचतो तो याच खात्यांच्या टेबलांवरून. त्यामुळे विधिमंडळाकडे जाताना शिक्षेची वर्षं वाढवून मागण्यात अर्थ थोडा असतो. मागायला हवी ती यंत्रणा: कुणी करायचं, किती दिवसांत करायचं, नाही केलं तर त्याचं काय करायचं, आणि पैसे कुठून येणार. या चार गोष्टी मसुद्यात नसतील तर कायदा चांगला की वाईट हा वाद सभागृहापुरताच राहतो.

1994 च्या वारसा दुरुस्तीचंच बघा. कायदा पुरोगामी होता, यात शंका नाही. त्याच वर्षी राज्याचं पहिलं महिला धोरण आलं होतं, त्या वाऱ्याचा तो भाग होता. पण त्यात एक अट होती: कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना तो लागू नाही. एका ओळीत राज्यातल्या तमाम लग्न झालेल्या लेकी बाहेर गेल्या. आंध्र, तमिळनाडू आणि कर्नाटकच्या कायद्यांतही हीच अट होती, म्हणजे एकानं लिहिलं ते दुसऱ्यानं उतरवून घेतलं. केंद्रानं 2005 मध्ये ती काढून टाकली. वडील कोणत्या तारखेला हयात होते यावरून पुढे कोर्टांत जो घोळ झाला, तो सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात मिटवला.

आता कागदावर सगळं बरोबर आहे. गावात काय होतं? वडील वारले की तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज जातो. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच.) सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींचीही नावं लागतात. इथपर्यंत कायदा काम करतो. मग काही महिन्यांत, कधी काही आठवड्यांत, बहिणींना तालुक्याला बोलावणं येतं. गाडी भावानं केलेली, जेवण भावाकडे, सही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. हक्कसोडपत्र तयारच असतं. ती सही न केलेल्या बहिणीला माहेरचं दार बंद होतं, हे तिथल्या लेखनिकापासून मुद्रांक विक्रेत्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. आणि या कागदाला राज्यानं मुद्रांक शुल्क किती लावलं होतं? वर्षानुवर्षं अवघे 200 रुपये. हक्क मिळवायला कोर्टात वीस वर्षं, सोडायला दोनशे रुपये आणि अर्धा दिवस.

मुद्रांकाचे दर आणि सातबारा या राज्याच्या हातातल्या गोष्टी आहेत. वारसनोंद झाल्यापासून ठरावीक मुदतीत हक्कसोडपत्र नोंदवता येणार नाही, असा नियम करता येईल. सही घेण्याआधी अधिकाऱ्यानं त्या बाईशी नातेवाईक बाहेर ठेवून बोलावं, वाट्याला येणाऱ्या जमिनीची सरकारी किंमत तिला वाचून दाखवावी आणि तसं पत्रकावर नोंदवावं, असंही करता येईल. कुणी म्हणेल, बहिणीला स्वखुशीनं सोडायचं असेल तर सरकारनं मध्ये का पडावं? पडू नये. स्वखुशी असेल तर ती वर्षभरानंतरही टिकेल. या मागणीसाठी मोठा मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. तिला नाव नाही, घोषणा नाही, वर्तमानपत्रात मथळा होईल असं काही नाही. आपण ज्या प्रकारे कायदे मागतो त्या प्रकारात ती बसतच नाही.

शेतकरी संघटनेनं मात्र एकदा अशी बिनमथळ्याची मागणी करून दाखवली होती. शरद जोशींच्या ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहिमेत शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करायची होती. मोहिमेच्या दबावानं 1992 मध्ये शासनाचा निर्णय आला आणि सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची वाट मोकळी झाली. कायदा बदलला नव्हता, तलाठ्याला काय करायचं ते कळवलं गेलं होतं. चळवळीला महसूल खात्याची भाषा येत असली की असं होतं.

गर्भलिंग तपासणीच्या कायद्याची कहाणी याहून कडू आहे. मुंबईतल्या स्त्री संघटना, डॉक्टर आणि लोकविज्ञान चळवळीतले लोक 1980 च्या दशकात एकत्र आले, त्यांनी लिंगनिश्चितीविरोधी मंच उभा केला आणि काही वर्षांच्या रेट्यातून राज्याकडून कायदा करवून घेतला. राज्याच्या पातळीवर कायदा कसा घडवावा याचा तो वस्तुपाठ होता. नंतरचे आकडे असे: महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली 1991 मध्ये 946 होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. देशात पहिला कायदा करणाऱ्या राज्यात, कायदा हातात असताना, वीस वर्षं मुली कमी होत गेल्या. सोनोग्राफीचं यंत्र स्वस्त होऊन तालुक्याच्या गावात पोचलं. कायद्याचा अधिकारी तिथे पोचला नाही, आणि पोचला तिथे तो ज्या डॉक्टरवर नजर ठेवायची त्याच्याच ओळखीतला निघाला. शेवटी 2000 साली मुंबईची सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था आणि गर्भलिंग तपासणीविरोधातले कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जाऊन सरकारांना विचारावं लागलं की तुम्ही केलेला कायदा तुम्ही पाळताय का. यंत्रांची नोंदणी, नोंदवह्या, तपासण्या यांना थोडाफार जोर आला तो त्यानंतर. स्त्री संघटनांनी कायदा मिळवण्यात जेवढी ताकद घातली, तेवढीच परत तो राबवून घेण्यात घालावी लागली.

आणि मग शक्ती विधेयक. हैदराबादच्या 2019 च्या सामूहिक बलात्कार आणि खुनाच्या घटनेनंतर आंध्र प्रदेशानं दिशा विधेयक आणलं, महाराष्ट्रानं त्या धर्तीवर 2020 मध्ये शक्ती. बलात्काराच्या काही गुन्ह्यांना फाशी आणि तपासाला दिवसांची मुदत ही त्याची ठळक कलमं. विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे ते गेलं, डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमतानं मंजूर केलं. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगत असं काही राज्याला करायचं असेल तर राज्यघटनेच्या 254 (2) कलमाखाली राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळाली नाही. विधेयक दिल्लीत अडकून राहिलं, अखेर बारगळलं.

याला कोण विरोध करत होतं? स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या वकील आणि संघटनाच. त्यांचं म्हणणं साधं होतं. बलात्काराच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: शेजारी, नातेवाईक, मालक. फाशीची टांगती तलवार आली की घरचेच तक्रार दाबतात, आणि गुन्हेगाराला साक्षीदार जिवंत ठेवण्यात फायदा उरत नाही. हे ऐकायला सभागृहात फारसं कुणी तयार नव्हतं, कारण विरोधात बोलणारा आमदार दुसऱ्या दिवशी बलात्काऱ्यांचा कैवारी ठरला असता. एकमतानं मंजूर झालेल्या विधेयकाकडे म्हणूनच जरा संशयानं बघावं असं मला वाटतं. एकमत होतं तिथे बहुधा कुणी मसुदा वाचलेला नसतो.

दिल्लीच्या संमतीची वाट बघण्यात गेलेल्या वर्षांत राज्याला कुणाचीही परवानगी न घेता बरंच करता आलं असतं. न्यायवैद्यक प्रयोगशाळांतल्या रिकाम्या जागा, डीएनए अहवालांचा उशीर, खटला चालवायला पूर्णवेळ सरकारी वकील, पीडितेला कोर्टात यायला-जायला गाडी आणि सोबत. ‘मनोधैर्य’ ही अर्थसाहाय्याची योजना 2013 पासून आहे, तिच्यासाठी संमती कुठे लागली होती? पण प्रयोगशाळेतल्या रिक्त पदांवर कुणी मेणबत्त्या लावत नाही.

वेगळं घडलेलं उदाहरणही आपल्याकडेच आहे. जातपंचायतींच्या जाचाला मूठमाती द्यायची मोहीम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं 2013 मध्ये सुरू केली. जातीबाहेर लग्न केलं म्हणून वाळीत टाकलेली कुटुंबं, रायगडच्या गावांत वाण्याकडे मीठ मिळत नाही अशी घरं, पंचांनी बायकांना दिलेल्या लाजिरवाण्या शिक्षा, अशी एकेक प्रकरणं त्यांनी नावानिशी, तारखेनिशी गोळा केली. प्रत्येक वेळी पोलीस विचारत, कलम कोणतं लावू? हा प्रश्न म्हणजेच कायद्याची गरज. एप्रिल 2016 मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि जुलै 2017 मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, लाख रुपयांपर्यंत दंड, आणि दंडाची रक्कम पीडिताला देण्याची सोय.

या कायद्याला जुना पूर्वज आहे, तो फारसा कुणाला आठवत नाही. मुंबई प्रांतानं 1949 मध्येच जात किंवा पंथातून बहिष्कृत करायला बंदी घातली होती. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्द केला. त्या निकालाचा फेरविचार करायचा का, हा प्रश्न 2023 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला. साठ-सत्तर वर्षांनी आलेला 2016 चा कायदा उभा राहिला, कारण त्याच्यापाठी प्रकरणांची थप्पी होती आणि त्यात बहिष्कार म्हणजे कोणती कृत्यं हे मोजून सांगितलं होतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी अठरा वर्षं घालवली त्या जादूटोणाविरोधी कायद्याचंही तेच. मसुद्याची इतकी काटछाट झाली की शेवटी 12 कृत्यांची अनुसूची उरली. काटछाटीचं दुःख आहेच, तरी फौजदाराला त्या 12 ओळी वाचून गुन्हा नोंदवता येतो. तो कायदा निघाला ऑगस्ट 2013 मध्ये दाभोलकरांचा खून झाल्यानंतर, अध्यादेश म्हणून. विधिमंडळाची किंमत कळायला आपल्याला इतकं लागलं.

पण कायदा आला तरी त्याखालचे नियम आपोआप येत नाहीत, ही गोष्ट बाहेरच्यांना चटकन लक्षात येत नाही. कायद्यात लिहिलेलं असतं, ‘विहित करण्यात येईल अशा रीतीनं’. ती रीत ठरवणारे नियम मंत्रालयात तयार होतात, आणि त्यासाठी कुणी मागे लागलं नाही तर फाईल शांतपणे पडून राहते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना नियम करा ही मागणी कायद्यानंतरही घेऊन फिरावं लागलं. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा केंद्राचा, पण संरक्षण अधिकारी राज्यानं नेमायचा. तो पूर्णवेळ असेल की आधीच दहा कामं असलेल्या माणसाच्या गळ्यात मारलेला अकरावा भार, हे राज्याच्या अर्थसंकल्पात ठरतं.

विधिमंडळात पोचायचं कसं, याबद्दलही आपल्या सवयी जुन्याच आहेत. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेज टी पॉइंटला बॅरिकेडपाशी थांबतात. पाच जणींचं शिष्टमंडळ आत जातं, मंत्री निवेदन घेतात, फोटो होतो, संध्याकाळच्या गाडीनं बायका परत. मोर्चाला मी नावं ठेवत नाही. बॅरिकेडशिवाय आतल्यांना बाहेरचं काही दिसत नाही. पण निवेदन म्हणजे मसुदा नव्हे. एका आमदाराकडून सभागृहात अचूक प्रश्न विचारून घेतला तर खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं: किती संरक्षण अधिकारी, किती पूर्णवेळ, किती पदं रिक्त. ते उत्तर पुढच्या वर्षभराच्या भांडणाचं हत्यार असतं. अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराचं, विधेयक सहसा मंजूर होत नाही हे खरं, तरी ते मांडलं की विषय सभागृहाच्या दप्तरात जातो. नोव्हेंबर 1938 मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा अशासकीय ठराव मांडला होता. तो दणकून आपटला. चौदा वर्षांनी, 1952 मध्ये, कुटुंब नियोजन हे स्वतंत्र भारताचं धोरण झालं.

विधेयक सभागृहात येण्याआधी लोकांना दिसत नाही, ही तर मुळातली अडचण. केंद्रानं 2014 मध्ये ठरवलं की मसुदे किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावेत. केंद्रच ते नीट पाळत नाही, आणि राज्यांना तर ते बंधनकारकही नाही. शहरी नक्षलवादाला आवर घालायचा म्हणून राज्य सरकारनं आणलेलं जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा हजारोंनी सूचना आल्या. नागरी हक्कांबद्दल लोकांना काही म्हणायचं असतं याचा हा पुरावा. 2025 मध्ये ते मंजूर झालं, आक्षेप घेणाऱ्यांचं समाधान झालं नाही. पण विचारलं तर लोक लिहितात, एवढं दिसलं. तीस दिवसांचा नियम विधिमंडळानं स्वतःच्या कामकाजाच्या नियमांत घातला तर तेवढ्यानंही अर्धी लढाई सोपी होईल.

इथे एक वाजवी शंका येते. बाईचे हक्क राज्याच्या सीमेवर बदलावेत का? आणि राज्यांच्या हाती कायदे दिले तर ती नेहमी पुढेच जातील कशावरून? जात नाहीतच. उत्तर प्रदेशाच्या 2021 च्या धर्मांतरविरोधी कायद्यानं सज्ञान मुलीच्या लग्नाच्या निर्णयात जिल्हाधिकारी आणून बसवला. उत्तराखंडच्या समान नागरी कायद्यात मुलींना वारसा हक्क आहेत आणि सोबत राहणाऱ्या जोडप्यांवर नोंदणीची सक्तीही आहे. आपल्याकडे 2005 मध्ये डान्सबार बंद केले ते स्त्रीच्या प्रतिष्ठेच्या नावानं. ज्यांची रोजीरोटी गेली त्या बारबालांना विचारलंच नव्हतं, आणि बंदी 2006 मध्ये उच्च न्यायालयात, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पडली. विधिमंडळ हे हत्यार कुणीही उचलू शकतं. म्हणून तर तिथे हजर राहायचं. दिल्लीचं दार वाजवत बसलं की इथला मसुदा दुसरं कुणी लिहून मोकळं होतं.

सभागृहात बायका किती, हाही प्रश्न आहेच. 2024 च्या निवडणुकीत 288 पैकी 21 जागांवर स्त्रिया निवडून आल्या. नागालँडला 1963 मध्ये राज्य झाल्यापासून पहिली स्त्री आमदार मिळायला 2023 लागलं. एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती 2023 मध्ये झाली, पण ती जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधलेली. आरक्षण येईल तेव्हा येईल. तोवर आहे त्या 288 जणांकडून काम करवून घ्यायचं आहे, आणि त्यातले बहुसंख्य पुरुष आहेत हे गृहीत धरूनच.

पुढची परीक्षा समोर आहे. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायला लावायची नाहीत. राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. तेव्हापासून कायद्याची मागणी होते आहे, ती रास्त आहे. मला भीती आहे ती एवढीच की मसुदा पुन्हा ‘बांगड्या फोडणाऱ्याला अमुक वर्षं सक्तमजुरी’ इथून सुरू होईल. बांगड्या फोडतात त्या बहुतेकदा घरातल्याच म्हाताऱ्या बायका, नणंदा, जावा. त्यांच्याविरुद्ध तेराव्याच्या आत तक्रार करायला कोण पोलीस ठाण्यात जाणार? विधवेचं खरं मरण पुढच्या सहा महिन्यांत असतं. रेशनकार्डावरून, घराच्या उताऱ्यावरून, नवऱ्याच्या सातबाऱ्यावरून, बँकेतल्या खात्यावरून ती बाजूला होत जाते, दीर-सासरे ‘आम्ही बघतो’ म्हणतात आणि खरोखरच बघून घेतात. म्हणून त्या विधेयकाच्या पहिल्या कलमात असं यावं: मृत्यूची नोंद झाली की ग्रामपंचायतीनं ती आपणहून तलाठ्याला कळवायची, तीस दिवसांत पत्नीचं नाव वारस म्हणून लावायचं, पेन्शन आणि रेशनचे अर्ज ग्रामसेवकानं घरी जाऊन भरून घ्यायचे, आणि मुदत चुकली तर दंड त्या कर्मचाऱ्याच्या पगारातून. बांगड्यांचं कलम त्यानंतर कितव्याही क्रमांकावर टाका.